गुणांची बेरीज आणि भाषाविषय

शालान्त परीक्षेचा निकाल जाहीर झाला म्हणजे डोंबिवलीत रेल्वेस्थानकापासून फडके रस्त्यापर्यंत शिकवणीवर्गांचे फलक झळकू लागतात. विद्यार्थ्याचे छायाचित्र, त्याखाली ठळक टक्केवारी आणि तिच्याखाली लहान टायपात निवडक विषयांचे गुण, अशी त्यांची ठरीव मांडणी असते. भाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे ते ह्या लहान टायपाकडे. गणित १००, संस्कृत १००, विज्ञान ९८ हे आकडे तेथे सहज आढळतात; मराठीचा आकडा क्वचितच आढळतो. ज्या नगरीत २०१७ साली नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, जिच्या वाचनप्रेमाचा उल्लेख केल्यावाचून येथे कोणाचे भाषण पुरे होत नाही, त्या नगरीतही मराठीचे गुण मिरविण्याजोगे मानले जात नाहीत. ह्या गोष्टीच्या मुळाशी 'गुण' ह्या कल्पनेविषयीचा एक घोटाळा आहे. तो उकलून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ह्या विषयासंबंधी लोक जे बोलतात त्यातील शब्दयोजना पाहू. संस्कृत 'सोपे' आहे असे सहसा कोणी म्हणत नाही. ते 'स्कोअरिंग' आहे असे म्हणतात. मराठी 'अवघड' आहे असे तर मराठी घरात कोणी म्हणणारच नाही. 'मराठीत मार्क पडत नाहीत' असे म्हणतात. विषयाचे काठिण्य वेगळे आणि विषयाची गुणदायकता वेगळी, ही जाण भाषकांना आहे, आणि परका शब्द उसना घेऊन का होईना, त्यांनी ती अचूक व्यक्त केली आहे. परीक्षापद्धतीविषयीच्या जाहीर चर्चेत मात्र हा भेद वारंवार पुसला जातो. कमी गुणांचा विषय तो कठीण, अधिक गुणांचा तो सुलभ, असे गृहीत धरून पुढची सर्व मांडणी केली जाते.

'गुण' किंवा 'मार्क' ह्या नामाबरोबर मराठीत जी क्रियापदे येतात ती ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. गणिताच्या उत्तरपत्रिकेविषयी बोलताना 'दोन मार्क गेले' किंवा 'दोन मार्क कापले' असे आपण म्हणतो. जे गेले ते आधी हातात होते, हे ह्या प्रयोगात गृहीत आहे. विद्यार्थी शंभरांपासून आरंभ करतो आणि चुकेल तेवढे गमावतो. निबंधाविषयी आपण 'आठपैकी सहा दिले' असे म्हणतो. येथे विद्यार्थी शून्यापासून आरंभ करतो आणि कोणी दुसरा त्यास काही देतो. वाक्यात कर्ता परीक्षक असतो. तिसरा प्रयोग 'पडणे' हा. 'मराठीत मार्क पडत नाहीत' ह्या वाक्यात विद्यार्थीही कर्ता नाही आणि परीक्षकही नाही. पाऊस पडत नाही तसे मार्क पडत नाहीत. कारण कोणासच ठाऊक नसते. 'पैकीच्या पैकी' हा वाक्प्रचारही पाहावा. गणितात किंवा संस्कृतात पैकीच्या पैकी मिळाले असे आपण सहज म्हणतो. निबंधात पैकीच्या पैकी मिळाले असे कोणी म्हटले तर ऐकणारा परीक्षकाचे नाव विचारील.

वजाबाकीने होणारे मापन आणि देणगीने होणारे मापन अशा दोन पद्धती एकाच गुणपत्रिकेत शेजारी शेजारी नांदतात, आणि अखेरीस दोन्हींचे आकडे एका रेघेखाली मांडून त्यांची बेरीज केली जाते, असा ह्याचा अर्थ आहे.

आता प्रत्यक्ष प्रश्नपत्रिकांकडे वळू. संपूर्ण संस्कृत घेणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्यास 'आमोद' हे पुस्तक असते, हिंदीबरोबर संयुक्त संस्कृत घेणाऱ्यास 'आनन्द'. शब्दरूपे, धातुरूपे, संधी व समास ह्यांचा विग्रह, पद्य पूर्ण करणे, माध्यमभाषेत अनुवाद ह्यांवर गुणांचा मोठा भाग अवलंबून असतो. एका नामाची सात विभक्ती व संबोधन ह्यांतील तीन वचनांची रूपे मिळून २४ घरे होतात. ह्या २४ घरांपैकी एकाहीविषयी परीक्षकास स्वतःचे मत असण्याचा संभव नाही. रूप एकतर शुद्ध असते किंवा अशुद्ध, आणि दहा परीक्षकांनी तपासले तरी निर्णय एकच. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे व्याकरणशुद्धतेची कसोटी लागते आणि ती कसोटी बंदिस्त संचावर लागते.

मराठी प्रथम भाषेची 'कुमारभारती'वर आधारलेली कृतिपत्रिका ८० गुणांची असते. तीत गद्याला १८, पद्याला १६, स्थूलवाचनाला ६, भाषाभ्यासाला १६ आणि उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. ह्या २४ पैकी पत्र किंवा सारांश ६, जाहिरात, बातमी, कथा ह्यांतील दोन मिळून १०, आणि निबंध ८. भाषाभ्यासाचे १६ गुण जवळजवळ संस्कृताच्याच जातीचे आहेत. तेथे समास ओळखला किंवा ओळखला नाही. उपयोजित लेखनाचे २४ गुण आणि गद्यपद्यातील 'स्वमत' ह्या नावाने येणाऱ्या कृती हा मात्र वेगळा प्रांत होय. 'चांगले', 'बरे', 'ठीक' अशा श्रेणीने जो निर्णय होतो त्यात शुद्धता ही एक अट असते, सर्व अटी नव्हेत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या निबंधाला आठपैकी आठ देणे म्हणजे ह्यापेक्षा चांगले लिहिता आले नसते असे म्हणणे, आणि भाषेचा कोणताही शिक्षक ते म्हणावयास धजत नाही. तो सहा किंवा साडेसहा देतो, आणि जो खरोखर सुमार आहे त्यालाही तो चार देतो. आठ गुणांच्या पट्टीपैकी वस्तुतः तीनच गुणांची पट्टी वापरात राहते.

असे असता संस्कृतातील शंभर आणि मराठीतील शहाऐंशी ह्यांची तुलना करून संस्कृत सुलभ ठरविणे चूक आहे, आणि त्याहून मोठी चूक ही की मराठीत विद्यार्थी कच्चा आहे असे ठरविणे. संस्कृतात शंभर गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास एखादा अपरिचित उतारा वाचून लागेलच असे नाही. मराठीत शहाऐंशी गुण मिळविणारा त्याच दिवशीचे वृत्तपत्र वाचून त्यावर वाद घालू शकतो. पहिल्या आकड्यात नेमून दिलेल्या मर्यादित सामग्रीवरील प्रभुत्व मोजले गेले, दुसऱ्यात अमर्याद सामग्रीतून केलेली निवड मोजली गेली.

संस्कृताच्या गुणांची प्रतिष्ठा आपल्याकडे नवी नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली आणि २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे हे त्यांपैकी एक. ह्याच मॅट्रिक परीक्षेशी पुढे संस्कृतासाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती जोडली गेली. १९१२ साली त्या परीक्षेत पहिले आलेले चिंतामणराव देशमुख तिचे मानकरी होते. परंतु एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. ती शिष्यवृत्ती संस्कृतातील प्रावीण्याबद्दल, संस्कृत घेणाऱ्यांतच स्पर्धा लावून दिली जात असे. आज संस्कृताचे गुण हे संस्कृतासाठी मिळवावयाचे राहिलेले नाहीत. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात, माटुंग्याच्या रुईयात किंवा कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात विज्ञानशाखेची जागा मिळविण्यासाठी ते वापरले जातात, आणि जागा मिळाल्यावर पुष्कळांचा त्या भाषेशी संबंध संपतो. संस्कृताच्या अभिमान्यांनी पटसंख्येकडे पाहून आनंदित होण्यापूर्वी ह्याचा विचार करावा असे प्रस्तुत लेखकास वाटते.

एका विषयाचा गुण दुसऱ्या विषयाच्या गुणाबरोबर बदलून घेता येतो हे तत्त्व परीक्षामंडळाच्या नियमांतच रुजलेले आहे. तीन भाषा मिळून १०५ गुण आणि प्रत्येकीत किमान २५ मिळाले की भाषागट उत्तीर्ण; गणित व विज्ञान मिळून ७० आणि प्रत्येकी किमान २५ मिळाले की तो गट उत्तीर्ण. हिंदीतील दहा अधिक गुण मराठीतील दहा उण्या गुणांची भरपाई करू शकतात. ह्या तत्त्वाचे टोकाचे उदाहरण २०२० साली घडले. मार्च महिन्यात साथीमुळे दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द करावा लागला, आणि त्या विषयाचे गुण विद्यार्थ्याच्या इतर विषयांतील गुणांच्या सरासरीवरून देण्यात आले. प्रसंग निकराचा होता, आणि दुसरा न्याय्य मार्ग कोणता हे सांगणे कठीण आहे. मंडळास दोष देण्याचा येथे हेतू नाही. तथापि एका विषयाच्या ज्ञानाचे मोजमाप तो विषय न विचारताच करता येते, असे ह्या निर्णयात गृहीत धरले गेले, आणि त्याने फारसा कोणी दचकला नाही. गुणांच्या परस्परविनिमयाची सवय आपल्या अंगी किती मुरली आहे ते ह्यावरून दिसते.

बेरजेत आणखी एक गोष्ट दडलेली असते. कागदोपत्री प्रत्येक विषय शंभरांचा असला तरी अंतिम क्रमावर त्याचा प्रभाव किती पडेल हे त्याच्या कमाल गुणांवर अवलंबून नसते. ते त्या विषयातील गुणांच्या पांगणीवर, म्हणजे प्रमाण विचलनावर अवलंबून असते. समजा, एखाद्या वर्गात सर्वांचे मराठीचे गुण ६८ ते ७६ ह्या दरम्यान आहेत आणि गणिताचे ४० ते ९८ ह्या दरम्यान. अशा वर्गातील क्रम गणितानेच ठरेल. मराठीने तो जेमतेम हलेल. दोन्ही विषयांना समान स्थान आहे हे म्हणणे तेथे केवळ गुणपत्रिकेपुरते खरे. आता त्याच शाळेतील पहिल्या पंचवीस विद्यार्थ्यांकडे पाहा. त्यांचे गणित, संस्कृत व विज्ञान हे तिन्ही विषय ९६ ते १०० ह्या चिंचोळ्या पट्टीत येऊन थबकलेले असतात. तेथे पांगणी उरते ती मराठी व इंग्रजी ह्यांतच, आणि क्रम ठरतो तोही त्यांनीच. एकच विषय वर्गाच्या मध्यभागी निष्प्रभ आणि शेंड्यावर निर्णायक असतो. शेंड्यावरचा निर्णय ज्या पट्टीने होतो ती परीक्षकागणिक हलणारी आहे. म्हणूनच हुशार विद्यार्थ्याच्या पालकांस मराठीविषयी जी धास्ती वाटते ती अगदीच निराधार नाही.

ह्या धास्तीवर शासनाने २०१० साली उपाय काढला तो सर्वोत्तम पाच विषयांचा. सहांपैकी ज्या पाच विषयांत अधिक गुण असतील त्यांचीच टक्केवारी अकरावीच्या प्रवेशासाठी धरावयाची. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१० मध्ये हा निर्णय रद्द केला, परंतु सर्वोच्च न्यायालयात त्याच वर्षी शासनाची बाजू टिकली. ह्या उपायाचे फळ एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. पहिल्या विद्यार्थ्याचे गुण असे : संस्कृत ९९, गणित ९८, विज्ञान ९७, सामाजिक शास्त्रे ९६, इंग्रजी ९२, मराठी ८६. दुसऱ्याचे असे : संस्कृत ९६, गणित ९५, विज्ञान ९५, सामाजिक शास्त्रे ९४, इंग्रजी ९३, मराठी ९५. दोघांचीही बेरीज ६०० पैकी ५६८ होते. सर्वोत्तम पाच धरले की पहिल्याची मराठी गळते आणि त्याचे ५०० पैकी ४८२, म्हणजे ९६.४ टक्के होतात. दुसऱ्याची इंग्रजी गळते आणि त्याचे ४७५, म्हणजे ९५ टक्के होतात. ज्या प्रवेशयादीत दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर जागा ठरतात तीत १.४ टक्क्यांचे अंतर म्हणजे ज्या महाविद्यालयाची आशा धरली ते आणि पत्करावे लागते ते ह्यांमधील अंतर होय. मराठीत ९५ गुण मिळविण्याचे, म्हणजे जे सर्वांत दुर्मिळ ते करून दाखविण्याचे, दुसऱ्या विद्यार्थ्यास काय फळ मिळाले? त्याचे प्रावीण्य सर्व विषयांत सारखे होते, एवढाच त्याचा अपराध.

मग विषयाविषयांचे गुण समान पातळीवर आणणे, ज्यास स्केलिंग किंवा समानीकरण म्हणतात, हा उपाय का करू नये, असा प्रश्न साहजिकच निघतो. आपल्याकडे ह्याचा एक प्रयोग २००८ साली झाला. तो विषयांत नव्हे, परीक्षामंडळांत समानता आणण्यासाठी होता. प्रत्येक मंडळाच्या पहिल्या दहा विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढावयाची आणि त्या सरासरीच्या प्रमाणात त्या मंडळाच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण मोजावयाचे, असे त्याचे सूत्र होते. उच्च न्यायालयाने ते त्याच वर्षी रद्द ठरविले. ह्या सूत्रास सर्वत्र 'पर्सेंटाइल' म्हटले गेले. वास्तविक पर्सेंटाइल, म्हणजे शततमक, हा क्रमदर्शक असतो; आपल्यामागे शंभरांतील किती जण आहेत ते तो सांगतो. येथे होता तो निव्वळ भागाकार, आणि तोही दहा माणसांवर बेतलेला. चुकीचे नाव पडल्यामुळे वादही पुष्कळसा चुकीच्या गोष्टीवर झाला.

समानीकरण आणि नियमन ह्यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली संजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश लोकसेवा आयोग ह्या खटल्यात चांगला स्पष्ट केला आहे. एकाच विषयाच्या उत्तरपत्रिका अनेक परीक्षकांनी तपासल्या असतील, तर कडक व सैल हातांतील फरक नियामकांकरवी काढून टाकावा. समानीकरण हे भिन्न विषयांच्या तुलनेसाठी आहे, आणि तेथेही त्याच्या गृहीतकांची परीक्षा केल्यावाचून ते लावू नये, असा त्या निर्णयाचा रोख आहे. आपल्या मंडळातही परीक्षकांवर नियामक व त्यांवर मुख्य नियामक अशी उतरंड असतेच. तिच्यामुळे दोन मराठी परीक्षकांतील अंतर काहीसे कमी होते. मराठी आणि संस्कृत ह्यांतील अंतर तिच्या कक्षेत येत नाही.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात विषयांचे समानीकरण दीर्घकाळ रूढ आहे. एखादा विषय घेणारे विद्यार्थी आपल्या इतर विषयांत कितपत चमकतात ते पाहून त्या विषयाची सरासरी वर किंवा खाली सरकवली जाते. शिवाय अन्य भाषांच्या अध्ययनास उत्तेजन म्हणून भाषाविषयांच्या सरासरीत ५ ची भर घातली जाते. ही भर म्हणजे मापन नव्हे, धोरण आहे, आणि ते तसे उघडपणे सांगितले जाते ही गोष्ट प्रस्तुत लेखकास विशेष वाटते. इंग्लंडमध्ये परीक्षा-नियामक संस्थेने २०१९ साली फ्रेंच व जर्मन ह्यांची माध्यमिक परीक्षेतील श्रेणीव्यवस्था स्पॅनिशच्या तुलनेत कडक असल्याचे मान्य करून ती सैल करण्याचे ठरविले. तत्पूर्वी २०१७ मध्ये ए-लेव्हल परीक्षेच्या बाबतीत तिच्यापुढे निराळाच प्रश्न आला होता. फ्रेंच, जर्मन व स्पॅनिश हे विषय घेणाऱ्यांत काही विद्यार्थी घरी तीच भाषा बोलणारे असतात, आणि त्यांच्यामुळे शिकून बोलणाऱ्यांची श्रेणी खाली ढकलली जाते. ह्याचा अभ्यास होऊन वरच्या श्रेणीच्या प्रमाणात लहानशी दुरुस्ती करण्यात आली.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे आणला म्हणजे समानीकरणाची अडचण कळते. डोंबिवलीतील एकाच इमारतीतील दोन मुले घ्या. दोघांच्याही घरी मराठीच बोलली जाते. मराठी माध्यमाचा मुलगा मराठी ही प्रथम भाषा म्हणून 'कुमारभारती'तून शिकतो आणि इंग्रजी तृतीय भाषा म्हणून. इंग्रजी माध्यमाची मुलगी इंग्रजी प्रथम भाषा म्हणून घेते आणि मराठी द्वितीय वा तृतीय भाषा म्हणून 'अक्षरभारती'तून, म्हणजे जिची मातृभाषा अन्य आहे त्याच्यासाठी योजलेल्या सुलभ पुस्तकातून शिकते. येथे 'प्रथम भाषा' ह्या संज्ञेचा मुलाने प्रथम आत्मसात केलेल्या भाषेशी काही संबंध नाही. शाळेच्या माध्यमाचे ते दुसरे नाव आहे. आता समानीकरण करणाऱ्याने 'मराठी, द्वितीय वा तृतीय भाषा' ह्या विषयाचे काठिण्य कशावरून ठरवावे? ती उत्तरपत्रिका लिहिणाऱ्यांत गुजराती, तमिळ, हिंदी घरांतील मुले आहेत आणि जन्मापासून मराठी बोलणारी मुलेही आहेत. दोन वेगळ्या समूहांची एक सरासरी काढली की ती कोणत्याच समूहाची राहत नाही. गणितात असे होत नाही, कारण गणित ही कोणाचीच मातृभाषा नसते. समानीकरणाचे तंत्र सदोष आहे असे म्हणावयाचे नाही. भाषाविषयांना ते लावण्यापूर्वी भाषिक पार्श्वभूमीची जी माहिती हाताशी असावी लागते ती आपण गोळाच करीत नाही, असे म्हणावयाचे आहे.

येथवर जे सांगितले ते न्यायाविषयी झाले. ह्याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. गुणांतील तफावत वरून दूर केली गेली नाही म्हणजे विषय ती आतून दूर करू लागतो; कमी गुणांचा विषय अधिक गुणांच्या विषयाचे रूप घेतो. प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेने घेतली तिच्याकडे ह्या दृष्टीने पाहावे. चौकट पूर्ण करा, ओघतक्ता पूर्ण करा, जोड्या लावा, कोण ते लिहा. उताऱ्यातील शब्द उचलून चौकटीत ठेवला की गुण पक्का. घोकंपट्टीस आळा बसावा हा त्यामागील हेतू प्रामाणिक होता, आणि मार्गदर्शकातील तयार उत्तरे पाठ करण्याचे प्रमाण त्याने घटले असल्यास ते स्वागतार्हच आहे. परंतु चौकट भरताना विद्यार्थ्यास वाक्यच रचावे लागत नाही. मराठीची परीक्षा मराठीत एकही दीर्घ वाक्य न लिहिता अर्ध्याहून पुढे नेता येते, ही गोष्ट वाक्यविचार शिकविणाऱ्यास अस्वस्थ करील.

ह्यावर अनुभवी शिक्षक एक आक्षेप घेतील आणि तो सबळ आहे. बंदिस्त प्रश्न न्याय्य असतो. ज्या मुलाच्या घरी पुस्तके नाहीत, ज्याच्या बोलीस 'ग्राम्य' म्हणून हिणवले जाते, त्याच्या निबंधाकडे पाहताना परीक्षकाच्या मनात प्रमाणभाषेचा पूर्वग्रह जागा होतो. चौकटीकडे पाहताना होत नाही. हे खरे आहे. आगरी बोलीच्या ह्या परिसरात तर ते अधिकच खरे आहे. विश्वसनीयता वाढविली की सप्रमाणता घटते, आणि सप्रमाणता सांभाळावी तर विश्वसनीयता निसटते, हा पेच परीक्षाशास्त्रात जुना आहे. मात्र हा पेच आपण निबंध लहान करून सोडवितो, परीक्षक वाढवून सोडवीत नाही, हे मान्य केले पाहिजे. निबंधाचे गुण दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे देणे हा मार्ग अज्ञात नाही, नुसता खर्चाचा आहे.

अंतर्गत गुणांचा इतिहासही ह्याच दिशेने बोलतो. २०१८-१९ ह्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रे ह्यांतील अंतर्गत २० गुण काढून टाकण्यात आले. नवा अभ्यासक्रमही त्याच वर्षी लागू होता. राज्याचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला, आणि शंभर टक्के मिळविणारे १२५ होते ते २० राहिले. इतर मंडळांच्या तुलनेत आपल्या मुलांवर अन्याय झाला अशी ओरड होऊन हे गुण परत आले. २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला आणि शंभर टक्केवाले २४२ झाले. गणित साधे आहे. शाळेने २० पैकी १८ दिले आणि दोन्ही भाग एकत्र धरले, तर ३५ ची मर्यादा गाठण्यास लेखी ८० पैकी १७ पुरतात. सर्वांना सारखेच १८ मिळाले तर क्रम बदलत नाही, फक्त तळ उचलला जातो. मौखिक भाषेची परीक्षा मात्र कोणाचीच झालेली नसते. श्रवण व भाषण ह्या कौशल्यांसाठी राखलेले गुण अशा रीतीने खर्ची पडावेत ह्याचा भाषाशास्त्रज्ञास खेद वाटणे स्वाभाविक आहे, कारण भाषा मुळात बोलली जाते हे आपण पहिल्या व्याख्यानात सांगतो.

बारावीच्या टप्प्यावर अनुकरणाचीही गरज उरत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी सक्तीची. दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेता येतो. त्याची परीक्षा संगणकावर होते आणि बहुतांश वस्तुनिष्ठ असते. विज्ञानशाखेतील विद्यार्थी मराठी का सोडतो हे विचारावयास नको. दहावीत ती सर्वोत्तम पाचांतून गळते, अकरावीत अर्जातूनच गळते. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कायदा करून पहिली ते दहावी सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये, अन्य मंडळांच्या शाळांतील विद्यार्थ्यांना साथीच्या काळात अडचण झाली म्हणून, काही वर्षांपुरते मराठीचे मूल्यमापन श्रेणीत करावे आणि ते एकूण गुणांत धरू नये असे ठरले. शिकणे सक्तीचे पण मोजणे नाही, ही स्थिती मुलांना नेमकी कळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा झालेल्या समारंभांत ह्या बेरजेचा उल्लेख कोणी केल्याचे प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आले नाही.

ह्या प्रश्नात आपल्या विभागास काही करता येण्याजोगे आहे. मंडळ विद्यार्थ्यास त्याच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागणीवरून देते. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील विद्यार्थी व पालक ह्यांच्या संमतीने मराठी प्रथम भाषेच्या अशा छायाप्रती जमवाव्यात, नावे व गुण झाकून त्यांतील केवळ उपयोजित लेखनाचा भाग तीन अनुभवी शिक्षकांकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यावा, आणि त्यांच्यात किती अंतर पडते, कोणत्या भाषिक लक्षणांवर पडते, ते पाहावे. बोलीतील रूपामुळे किती गुण जातात, शुद्धलेखनामुळे किती, आणि वाक्यरचनेच्या धिटाईमुळे गुण वाढतात की घटतात, हे प्रश्न संख्याशास्त्रज्ञाचे नाहीत. ते आपले आहेत. सोबत प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरची भाषा, शाळेचे माध्यम आणि पूर्वीची शाळा ह्यांची नोंद ठेवावी. शंभर छायाप्रती जमल्या तरी आरंभास पुरे. त्यातही आरंभ निबंधाच्या आठ गुणांपासून करावा. ते थोडे आहेत आणि त्यांविषयी मतभेद सर्वांत अधिक आहेत. आणि कृतिपत्रिकेची पुढची फेररचना होईल तेव्हा कात्री प्रथम त्यांनाच लागण्याचा संभव आहे.